डेटा मरत नसतो

अण्णांच्या घरी पहिल्यांदाच गेलात तर चहाच्या आधी प्रश्न येतो, "तुमचा जुना कॉम्प्युटर काय केलात?"

"भंगारवाल्याला दिला."

अण्णा डोळे मिटून घेतात. मग अगदी खालच्या आवाजात विचारतात, "हार्डडिस्कसकट?"

तुम्ही हो म्हणालात तर चहा येतो. बिस्किटं येत नाहीत.

हा नमुना नाशिकला पंचवटीत, हिरावाडीच्या एका गल्लीत राहतो. तुमच्याकडे तो औंधला राहत असेल, डोंबिवलीला राहत असेल, कदाचित तुमच्याच घरात आतल्या खोलीत राहत असेल. ओळखायची खूण सोपी आहे. त्याच्या कपाटातून केबली बाहेर लोंबत असतात आणि "फेकून द्या ना" असं म्हणायची त्या घरात कुणाची छाती नसते.

अण्णा मिगला होते. म्हणजे ओझरला, एचएएलमध्ये. १९६४ साली मिग-२१ बांधायला हा कारखाना उभा राहिला. अण्णा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी चिकटले आणि ओव्हरहॉलमधून निवृत्त झाले. ओव्हरहॉल म्हणजे सगळं विमान सुटं करायचं, एकेक भाग तपासायचा, पुन्हा जोडायचं, आणि शेवटी टेबलावर एकही स्क्रू उरता कामा नये. ही विद्या घेऊन अण्णा घरी आले, फक्त तिचा शेवटचा भाग ओझरलाच राहिला. घरी स्क्रू उरतात. मिक्सर दुरुस्त झाला की दोन उरतात, पंखा दुरुस्त झाला की एक. ते एका डब्यात जातात आणि डब्यावर लेबल लागतं, 'स्क्रू, जादा'.

लेबल सगळ्यालाच आहे. 'जम्पर'. 'सीडी, चांगल्या'. 'सीडी, बघायच्या'. 'आयडीई पट्टा, ४० पिन'. कपाटाचे वरचे तीन कप्पे अण्णांचे आणि खालचा एक माईंचा, म्हणजे लोणच्याच्या बरण्यांचा. तीस वर्षांपूर्वी ही वाटणी उलटी होती. "लागतं कधीतरी" या दोन शब्दांच्या बळावर अण्णा कप्प्यामागून कप्पा जिंकत खाली आले. माईंनी एकदाच प्रतिहल्ला केला. भंगारवाल्याला बोलावून 'मॉडेम, जुने' हा डबा दिला. अण्णा त्याच्या हातगाडीमागे पेठ फाट्यापर्यंत चालत गेले आणि दिला त्याच्या दुप्पट भावाने डबा परत घेऊन आले.

मुख्य दैवत आहे ते टेबलावर. पेंटियम फोर, विंडोज एक्सपी. २००३ च्या सिंहस्थात, फंडाच्या पैशातून घेतलेलं. २०१५ चा सिंहस्थ झाला, आता पुढचा आला, यंत्र तेच. सकाळी पूजा आटोपली की अण्णा ते सुरू करतात. मदरबोर्डवरचा गोल सेल केव्हाच उतरलाय, त्यामुळे काळ्या पडद्यावर इंग्रजीत तक्रार येते आणि पुढे जायला एफ-वन दाबायला सांगितलं जातं. अण्णा दाबतात. त्या यंत्रात रोज सकाळी १ जानेवारी २००३ उजाडतो. सेल तीसेक रुपयांना कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. पण "चालतंय ना?" हे दुसरं ब्रह्मवाक्य आहे.

मायक्रोसॉफ्टने एक्सपीची जबाबदारी ८ एप्रिल २०१४ ला सोडली. त्याने अण्णांचं काहीच अडलं नाही, कारण त्यांनी ते यंत्र इंटरनेटला कधी जोडलंच नव्हतं. "जोडलं की व्हायरस येतो." गेल्या वर्षी, २६ सप्टेंबर २०२५ ला, चंदीगडला मिग-२१ समारंभाने निवृत्त झालं. अण्णांनी टीव्हीसमोर उभं राहून ते सगळं पाहिलं, डोळे पुसले, आणि आत जाऊन एफ-वन दाबलं. मिग निवृत्त झालं. एक्सपी सेवेत आहे.

हार्डडिस्क हा अण्णांचा अभ्यासाचा विषय. १९५६ सालच्या आयबीएमच्या पहिल्या हार्डडिस्कपासून ते सुरुवात करतात: चोवीस इंची पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायचं किती, तर जेमतेम पाच एमबीच्या आसपास. "आणि तुम्ही गुड मॉर्निंगचा व्हिडिओ पाठवता वीस एमबीचा!" हे आम्हाला उद्देशून. तिथून गाडी येते हार्डडिस्कच्या सीमाप्रश्नावर. जुना संगणक मोठी डिस्क वाचत नाही म्हणजे तो बिघडला असं नाही, हे अण्णा हर तऱ्हेने समजावतात. एका पिढीची मर्यादा ५२८ एमबी, पुढचीची ८.४ जीबी, मग १३७ जीबी, मग दोन टीबी. डिस्कवरच्या जागेचा पत्ता लिहायला अठ्ठावीसच बिट दिलेले असतील तर १३७ जीबीच्या पलीकडची जमीन त्या संगणकाच्या सातबाऱ्यावरच येत नाही. डिस्क समोर असते, फिरत असते, गरम होत असते, पण कागदोपत्री नसते. "म्हणजे चूक कुणाची?" अण्णा विचारतात. आम्ही गप्प बसतो. कुणाचंही नाव घेतलं तरी अर्धा तास जातो.

केबल लावताना ते "लाल रेघ पॉवरकडे" असं मोठ्याने म्हणतात, एकटे असले तरी. जम्पर मास्टरवर ठेवायचा की स्लेव्हवर, हे डिस्कवरच्या चित्रात बघून ठरवतात, चष्मा कपाळावर चढवून. जम्पर ही नखाच्या टोकावर राहील एवढी प्लॅस्टिकची टोपी. ती चिमट्यातून सुटते. मग घरातले सगळे दिवे लागतात, पंखा बंद होतो, माई केरसुणी घेऊन येतात आणि अण्णा ओरडतात, "झाडू नको! कुणी हलू नका!" अशा एका शोधात मी पाय वर घेऊन सोफ्यावर बसून होतो आणि जम्पर माझ्या चहाच्या बशीत सापडला. डब्यात तसले शंभर आहेत. पण हरवलेला सापडल्याशिवाय दुसरा निघत नाही.

डिस्क आजारी आहे असं कळलं की अण्णा स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्यावर ठेवतात आणि मूठ कानाला लावतात. इंजिनाचं बेअरिंग वाजतंय का ते ऐकायची ही मेकॅनिकांची जुनी रीत. "हेड आहे," ते म्हणतात. किंवा, "मोटर आहे." एकदा पुतण्याची डिस्क टक-टक वाजत होती. कुठून तरी कानावर आलं की अशी डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की सकाळी चालते. हा तोडगा जगभर सांगतात. फार जुन्या, हेड चिकटून बसलेल्या डिस्कवर तो क्वचित लागू पडला असेल. एरवी बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि होती-नव्हती तीही जाते. अण्णांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोललेल्या मटारांशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी माईंनी मटार म्हणून ती काढली. पुतण्याचा डेटा गेला तो गेलाच, पण अण्णांच्या मते दोष पद्धतीचा नाही, फ्रीजरचं दार मध्येच उघडलं गेलं त्याचा.

"डेटा मरत नसतो" हे तिसरं आणि सर्वांत लाडकं वाक्य. गीतेत आत्म्याबद्दल जे सांगितलंय ते सगळं अण्णा डेटाबद्दल मानतात. आणि मागच्या उन्हाळ्यात जे घडलं, त्यानंतर त्यांना कुणी काही समजावायला जात नाही.

झालं असं. मुलगा पुण्याला, हिंजवडीत. दिवाळीला आला तेव्हा त्याने ओळखलं की या डब्याचा भरवसा नाही. त्याने अण्णांची चाळीस जीबीची आयडीई डिस्क काढली, ऑनलाइन मागवलेल्या कन्व्हर्टरने आपल्या मॅकला जोडली आणि सगळं एका एक टीबीच्या नव्या डिस्कवर उतरवलं. त्याच्याकडचे घरातले आणखी फोटोही त्यात टाकले. ती डिस्क त्याने एक्सफॅट पद्धतीने तयार केली होती, म्हणजे मॅकवरही चालेल आणि विंडोजवरही. जाताना म्हणाला, "अण्णा, ही कपाटात ठेवा. काही करू नका."

ओव्हरहॉलमध्ये नोकरी झालेल्या माणसाला 'काही करू नका' म्हणणं बरोबर नाही, असं माझं मत आहे.

उन्हाळ्यात चाळीस जीबीवाली टक-टक करू लागली आणि गेली. अण्णा विशेष दुःखी दिसले नाहीत. खरं सांगायचं तर उत्साहात होते. 'डिस्क, चालू' या डब्यातून दुसरी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली सीडी काढली, एक्सपी चढवलं. त्याची पंचवीस अक्षरी की अण्णांना तोंडपाठ आहे. नातवंडांचे वाढदिवस ते माईंना विचारतात. मग मुलाची डिस्क जोडली. आता एक्सपी ज्या काळात आलं त्या काळात एक्सफॅट नावाचा प्रकारच नव्हता. पुढे २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यासाठी अपडेट दिलं, पण ते इंटरनेटवरून घ्यायचं. इंटरनेट म्हणजे व्हायरस. त्यामुळे एक्सपीला समोर दिसली ती एक कोरी, अनोळखी डिस्क. त्याने सभ्यपणे विचारलं: ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का?

पुढचं संभाषण फोनवर, स्पीकर लावून, आम्हा तीन शेजाऱ्यांच्या साक्षीने झालं.

"अण्णा, तुम्ही नक्की काय दाबलंत?"

"मी काही दाबलं नाही. त्याने विचारलं. मी हो म्हटलं."

"सगळा डेटा पुसला जाईल, असं त्याने सांगितलं असेल ना?"

"ते लिहितातच. ओझरला प्रत्येक दारावर 'धोका' लिहिलेलं असायचं. आम्ही आत गेलो नाही का?"

आणि नुसतं वरवरचं क्विक फॉरमॅट नव्हे. अण्णांना घाईचं काम आवडत नाही. त्यांनी पूर्ण फॉरमॅट लावलं. जुन्या यूएसबीवरून एक टीबी, म्हणजे रात्रभर. रात्री दोनदा उठून टक्के बघून आले. सकाळी शंभर झाले तेव्हा माईंनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "अहो, पण त्यातच ना ते फोटो?"

त्या दिवशी आम्ही अण्णांना पहिल्यांदा गप्प बसलेलं पाहिलं. एफ-वनसुद्धा दाबलं नाही.

मुलीचा मुलगा के. के. वाघला इंजिनिअरिंग करतो. तो संध्याकाळी आला. डिस्क काढून घेतली. "आजोबा, आता हिच्यावर एक अक्षर लिहायचं नाही." "मी कुठे लिहितो? मी नुसता बघतो." "बघायचंही नाही." मग त्याने काहीतरी शोधलं, वाचलं, आणि हसायलाच लागला. म्हणाला, आजोबा, विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट करताना सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितात. मग ब्रह्मदेव आला तरी काही परत येत नाही. एक्सपीपर्यंत मात्र पूर्ण फॉरमॅटमध्ये जागा खराब आहे का हे नुसतं वाचून बघायचे. रात्रभर ते यंत्र वाचत होतं, पुसत नव्हतं. नवा संगणक असता तर सगळं गेलं असतं.

अण्णांची मान हळूहळू वर आली. "म्हणजे," ते म्हणाले, "जुनं होतं म्हणून वाचलं." यानंतर हे वाक्य आम्ही ऐकलं नाही असा आठवडा गेलेला नाही. जुनं होतं म्हणूनच तर ते फॉरमॅट करायला निघालं होतं, ही बाजू मांडायचा प्रयत्न मी एकदा केला. तेव्हाही बिस्किटं आली नाहीत.

नातवाने फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. फ्रान्समधल्या ग्रेनिए नावाच्या प्रोग्रामरने तो केलाय. तो डिस्कवरच्या यादीकडे बघतच नाही, कारण यादीच फॉरमॅटमध्ये गेलेली असते. तो पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत चाळत जातो आणि खुणेवरून फाइल ओळखतो. जेपीजी फोटो कुणाच्याही कॅमेऱ्याचा असला तरी सुरुवात ठरलेल्या बाइटनीच होते. सापडलेलं दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं, त्याच डिस्कवर ठेवलं तर न सापडलेल्याच्या उरावर बसतं. फोटो आले. हजारोंनी आले. लांबलचक व्हिडिओ काही तुटके आले. पण नावं सगळी गेली, कारण नावं यादीत होती. 'बारसं', 'वास्तुशांत', 'अष्टविनायक' असे अण्णांनी केलेले फोल्डर गेले आणि त्याजागी पाचशे-पाचशे फायलींचे गठ्ठे आले, प्रत्येक फाइलला एफ आणि पुढे नुसते आकडे.

"यातल्या आत तारीख असते," नातू म्हणाला. असते. पण अण्णांनी कॅमेऱ्याची तारीख कधी लावलीच नव्हती. त्यांच्या कॅमेऱ्यातही कायमचा जानेवारीच चालू होता. जुन्या अल्बमवरून स्कॅन केलेल्यांना तर तारीखच नाही. मग गल्लीतल्या आम्हा सगळ्यांना कामाला लावण्यात आलं. रोज जेवणं झाली की अण्णांकडे जमायचं, नातवाचा लॅपटॉप टीव्हीला लावलेला, आणि एकेक फोटो. कोण, कुठे, कधी. रंगपंचमीच्या फोटोतला माणूस ओळखू येईना, तेव्हा शर्टाच्या रंगावरून रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद, तिवंधा चौकातली की शनी चौकातली यावर पाऊण तास गेला. पुराचे फोटो सोपे. नाशिककराला पूर किती आला हे सरकारी आकड्यावरून कळत नाही, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून कळतं. पाणी मारुतीच्या कुठवर आहे ते बघून अण्णा सांगायचे, "हा २००८ चा. हा २०१६ चा." वरच्या मजल्यावरचे जोशीबुवा, म्हणजे आम्ही त्यांना बुवा म्हणतो, म्हणायचे २०१९ चा. मग अण्णा फोटोतल्या छत्रीकडे बोट दाखवायचे. ती छत्री २०१७ ला बसमध्ये राहिली. वाद संपला.

माईंची स्मरणशक्ती निराळ्या खात्यात चालते. त्या साड्यांवरून सांगतात. "ही मोरपिशी धाकटीच्या मंगळागौरीला घेतली. म्हणजे हा त्यानंतरचा." त्यांची एकही तारीख चुकली नाही. अण्णांच्या काही चुकल्या, पण त्या फोटोच्या चुका आहेत.

खरी गंमत शेवटी आली. अण्णांनी अकरा वर्षं खपून घराण्याचा कुलवृत्तांत टाइप केला होता. आठ पिढ्या, कोण कुणाला दत्तक गेलं, कुणी इस्टेट घालवली, सगळं. फोटोरेकने ती वर्डची फाइलही काढली. नातवाने लॅपटॉपवर उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, कंस, स्वल्पविराम यांची रांगोळी. "आजोबा, ही करप्ट झालीय." अण्णा पुढे वाकले. चष्मा कपाळावर. दोन ओळी निरखल्या आणि म्हणाले, "करप्ट नाही. श्री-लिपी आहे." युनिकोड सगळीकडे रुळण्याआधीचे ते फॉन्ट; मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली. फॉन्ट नसेल तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर नव्हता. तो होता टेबलावर, आणि त्याची सीडी होती 'सीडी, चांगल्या' या डब्यात.

पेनड्राइव्हवर फाइल घेतली. अण्णांनी बटण दाबलं. तक्रार आली, एफ-वन झालं, १ जानेवारी २००३ उजाडला. फाइल उघडली आणि मूळपुरुषापासून सगळे स्वच्छ मराठीत हजर झाले. अण्णांनी खुर्ची मागे सरकवून नातवाकडे पाहिलं. "काढणं तुझ्या लॅपटॉपचं काम. वाचणं आमचं."

त्या रात्री सगळ्यांना बिस्किटं मिळाली, मला धरून.

आता कुलवृत्तांत युनिकोडमध्ये आणायचं काम नातवाकडे आहे, तीन ठिकाणी प्रत ठेवायचं काम मुलाकडे आहे, आणि त्यातल्या दत्तकप्रकरणावरून चुलत घराण्याशी सुरू झालेलं भांडण अण्णांकडे आहे. एक टीबीवाली डिस्क माईंनी आपल्या कप्प्यात, कैरीच्या लोणच्यामागे ठेवली आहे. तिला लेबल नाही.

तुमच्या माळ्यावर जुनी हार्डडिस्क पडली असेल तर भंगारात देऊ नका, हिरावाडीत घेऊन या. दुपारी एक ते चार येऊ नका, अण्णा झोपतात. केबल आणू नका, केबली भरपूर आहेत. एक मोठी रिकामी डिस्क मात्र बरोबर आणा. आणि पडद्यावर 'फॉरमॅट करू का' असं आलं, तर अण्णांनी हो म्हणायच्या आत स्वयंपाकघराकडे तोंड करून माईंना हाक मारा.